दुसरं पेठ

लंकाबाई हिरड्याचं पोतं माझ्या दुकानात उतरवते, पदराने मान पुसते आणि काट्यासमोर उभी राहते, ती हलतच नाही. नजर ढळली की हा हनीफ काटा मारणार, असा तिचा ठाम समज आहे. मला याचा राग येतो. वडलांपासून आमचं दुकान जुन्नरच्या या बोळात आहे. डोंगरातला हिरडा, डिंक, मध आम्ही घेतो, आणि आजवर कोणी आमच्या मापाला नाव ठेवलेलं नाही. एकदा मी तिला तसं बोलून दाखवलं. "तुमच्यावर इस्वास हाय, भाऊ," ती म्हणाली, "पन काट्यावर न्हाई."

तिची वाडी पश्चिमेला, जुन्नर तालुका संपून आंबेगाव सुरू होतो त्या डोंगरात. रस्ता वाडीतच संपतो. एसटी मारुतीच्या देवळापुढे तोंड फिरवते आणि आल्या वाटेने परत जाते. पुढे नुसता कडा. उतारावर थोडं भात, वर नाचणी आणि वरई, रानात हिरड्याची झाडं. एवढ्यावर तिने एकटीने पोरगा वाढवला. एकटीने, कारण तिचा नवरा जानकू, पोरगा नुकता बोलायला-चालायला लागला असताना घरातून गेला तो गेलाच. जाताना एवढंच म्हणाला, "पेठला चाललोय. काम हाय तिथं."

पेठ म्हणजे कुठलं, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. मंचरच्या पुढे, पुणे-नाशिक रस्त्यावर आंबेगाव तालुक्यातलं पेठ आहे. सगळे तिथे गेले. जानकूचा धाकटा भाऊ भिमाजी तिथल्या हॉटेलांतून, गॅरेजांतून, कांद्याच्या वखारींतून हिंडला. लंकाबाई पोराला कडेवर घेऊन तिथल्या स्टँडवर दिवसच्या दिवस बसली. पोलिसांत सांगून झालं, देवाला सांगून झालं. पेठमध्ये जानकूला पाहिलेला एक माणूस सापडला नाही. बरं, मोबाईल तेव्हा डोंगरात कोणाकडे? माणूस साखरेसारखा विरघळला म्हणायचं आणि गप्प बसायचं.

पण वाडी गप्प बसत नाही. त्यांच्यात रीत आहे. गेलेल्या माणसाची बारा वर्षं खबर आली नाही, तर त्याचा गवताचा माणूस करायचा, तो जाळायचा आणि रीतसर दहावा घालायचा. नाहीतर त्याचा जीव भिरभिरत राहतो आणि घरातल्या कुठल्याच कार्याला यश येत नाही, असं ते मानतात. बारा वर्षं कधीच उलटली. भिमाजी माणूस भला आहे, भावजयीचं शेत आधी नांगरून मग स्वतःचं नांगरणारा. तो दर वर्षी हलक्या आवाजात विचारायचा, "वयनी, यंदा करायचं का?" आणि ही म्हणायची, "यील त्यो."

मग एक वर्ष असं आलं, की तिचं उत्तर बदललं. "पोरगं शोध लावतंय," ती म्हणाली. "त्याचं शिक्षण पुरं हू द्या."

आता इथे मला पोराबद्दल सांगावं लागेल. गोकुळ आश्रमशाळेत शिकला. शाळेने एकदा विज्ञान दिनाला खोडदची दुर्बीण दाखवायला नेलं होतं. शेतांच्या मधोमध त्या प्रचंड थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या. आमच्या लोकांनी पाहिल्या आणि कांदा लावायला निघून गेले. याने पाहिल्या आणि त्याच्या डोक्यात जे खूळ शिरलं ते त्याला पुण्याला, तिथून मोठ्या शिक्षणाला घेऊन गेलं. पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, त्या दिवशी तो वाडीत आला आणि आईला समजेल अशा भाषेत सांगावं म्हणून म्हणाला, "आई, मी आता शोध घेणार. मोठ्या जाळ्यात एकच गोष्ट लपली असेल, तर ती लवकरात लवकर कशी हुडकायची, त्याचा शोध."

लंकाबाईने थापत असलेली भाकरी परातीत तशीच टाकली आणि रडायला लागली. गोकुळला वाटलं, आपल्या यशाने आईला भरून आलं. तो पण रडला. दुसऱ्या दिवशी वाडीत गूळ वाटला गेला.

त्यानंतर ती दुकानात आली, तेव्हा तिचा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता इतका उजळ होता. "भाऊ, पोरगं बापाला हुडकायचं शिकाय गेलंय. पुन्याला. सरकारनंच नेलंय."

खोटं कशाला बोलू, मलाही ते खरं वाटलं. मी घरी जाऊन जोहराबीला सांगितलं, की गोकुळ बहुतेक सीआयडीत लागला. बायको म्हणाली, "अजी, सीआयडीवाले ऐसे गूळ बाँटते फिरते क्या?" तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण मग तो करतो काय, हे तिलाही सांगता येईना.

पुढच्या वेळी तो दुकानात आला तसं मी सरळच विचारलं. तो म्हणाला, "काका, मी नेटवर्कवर काम करतो." झालं! ही बातमी माझ्या तोंडून वाडीत गेली, हा माझा मूर्खपणा. वाडीत मोबाईलला रेंज नाही. गेणभाऊ म्हणून तिथले म्हातारे आहेत, त्यांनी गोकुळला एसटीतून उतरताच पकडलं. "मंग टेकडीवर टावर कवा हुभा करतूस, राव?" त्याने परोपरीने सांगितलं, की ते नेटवर्क वेगळं. पण खोडदच्या दुर्बिणीजवळ मोबाईल बंद ठेवायला लावतात, हे वाडीला ठाऊक होतं. त्यावरून लोकांनी ठरवून टाकलं, की हा पोरगा नेटवर्क घालवायचं शिकून आलाय. लंकाबाई मात्र कोणाच्या बोलण्यात आली नाही. तिच्या लेखी शोध म्हणजे शोध.

अशी वर्षं गेली. यंदा भिमाजीने आवाज जरा चढवला. पोराचं लग्न बघायचं, तर आधी हे एक कार्य उरकू. येत्या अमावास्येला दहन. गोकुळ हो म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि लंकाबाई त्याचा हात धरून जुन्नरला आली, ती थेट माझ्या दुकानात. पोतं नव्हतं, म्हणून मी आधी ओळखलंच नाही.

"भाऊ, तुमी शान्ये हाईत. तुमीच इचारा ह्याला. शिक्षान संपाय आलं. आमुशा तोंडावर आली. बाप कुठं हाय?"

गोकुळ माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. त्याच्या तोंडाचा रंग उडाला तेव्हा मला कळलं, की इतक्या वर्षांत या माय-लेकरांनी एकमेकांचं बोलणं एकदाही ऐकलेलं नाही.

"आई, तू हे मला कधी बोलली नाहीस."

"बोलायचं काय त्यात? तूच म्हनला व्हतास, शोध घेनार म्हनून."

तो डिंकाच्या गोणीवर बसला. मग उठून त्याने माझ्या गल्ल्याशेजारची फळी मोकळी केली, मूठभर हिरडे मांडले आणि माझ्याकडे सुतळी मागितली. मला वाटलं, पोराचं डोकं फिरलं. पण त्याला आईला फसवायचं नव्हतं. आपण खरंच काय करतो, ते तिला दाखवायचं होतं.

"ही गावं समज," तो म्हणाला. "सुतळी म्हणजे रस्ते. यातला एक हिरडा आतून किडका आहे. कुठला, ते माहीत नाही. आपण काय करू? एकेक फोडून बघू."

"फोडायचा कशापायी? हातात घेतला की कळतो."

"नाही कळत, असं धर."

"धरलं."

"माझी रीत एकेकाकडे जात नाही. ती लाट असते. एकदम सगळ्या रस्त्यांनी निघते. दोन वाटांनी आलेल्या लाटा एका गावात भेटल्या, की कधी एकमेकीला उचलून धरतात, कधी मारून टाकतात. असं होता होता जिथे खूण आहे, म्हणजे तो किडका, तिथे ती चढत जाते, बाकी ठिकाणी उतरते. नेमक्या त्या वेळी बघितलं तर बहुतेक तेच गाव हाती लागतं."

"आणि उशिरा बघितलं तर?" मी विचारलं.

"तर परत उतरते, काका. सगळीकडे पसरते, मग कधीतरी पुन्हा चढते. जास्त थांबलं म्हणजे जास्त चांगलं दिसेल, असं नसतं त्यात. आणि मधेच डोकावलं तर मोडतंच. पुन्हा पहिल्यापासून."

मला चुलीवरचं दूध आठवलं. लक्ष नसलं की उतू जातं. पण उतू गेलेलं दूध परत पातेल्यात येत नाही, आणि याची लाट म्हणे थांबलो तर परत चढतेसुद्धा. मी ती उपमा सोडून दिली. लाट आहे तर पाणी कुठे, हेही विचारणार होतो. धीर झाला नाही.

"मग तू यातलं शिकतोस काय?"

"जाळ्याची ठेवण. रीत तीच, पण गावं एकमेकांना कशी जोडलीत त्यावर सगळं ठरतं." त्याने सुतळ्या अशा घातल्या, की प्रत्येक हिरड्याहून प्रत्येकाला रस्ता. फळीवर नुसता गुंता झाला. "असं असेल तर पटकन सापडतं. एका स्टँडवरून चहूकडे गाड्या सुटतात तसं असेल, तर खूण स्टँडवर आहे का टोकाच्या गावात, त्याने फरक पडतो." मग त्याने सगळं मोडून हिरडे एकामागे एक लावले. "आणि अशी नुसती रांग असली, तर ही रीत कुचकामी. पायी गेलो असतो तर जेवढा वेळ लागला असता, तेवढाच."

"म्हणजे रस्ते जास्त तेवढं बरं," मी म्हणालो. निदान एक गोष्ट कळली, याचं मला समाधान वाटलं.

"तसंही नाही. काही जाळ्यांत रस्ते थोडे असून लवकर सापडतं. काहींत भरपूर असतात, तरी लाट एका कोपऱ्यात अडकून बसते. कधी काय होईल, ते मलाही अजून नीट सांगता येत नाही. तेच तर काम चालू आहे."

इतकी वर्षं पुण्यात राहून, इतकी पुस्तकं वाचून हा म्हणतो, सांगता येत नाही! मला माझ्या समाधानाची लाज वाटली. लंकाबाई मात्र रांगेतल्या शेवटच्या हिरड्याकडे बघत होती. तिने त्यावर बोट ठेवलं.

"ही आपली वाडी."

"हो."

"मंग हितं तुजी रीत चालायची न्हाई."

"नाही."

"म्हंजी त्यो हिकडं घावायचाच न्हाई. जिथं लई वाटा मिळत्यात तिथं घावंल."

"आई, तसं नाही. हे माणसाचं नाही. हे यंत्राचं आहे, आणि ते यंत्रसुद्धा अजून नीट तयार झालेलं नाही..."

"आन् किडका हाय ह्ये वळखायचं कुनी?"

या प्रश्नावर गोकुळ थबकला. "ओळखणारा वेगळा असतो. ते त्यातलं गृहीतच आहे. रीत नुसती विचारत जाते, हा का? ओळखणाऱ्याने हो म्हटलं तरच ती खूण."

"मी वळखीन की."

"मी नाही ओळखणार, आई," तो म्हणाला. "मला त्यांचं तोंडच आठवत नाही."

दुकानात रडारड मला खपत नाही. गिऱ्हाईक बघतं. म्हणून काहीतरी हसण्यावारी न्यावं म्हणून मी बोललो, "अरे, पण एकाच नावाची दोन गावं असली तर तुझी लाट काय करेल? मागे मी हिरड्याची पोती पेठला पाठवली, तर ट्रकवाल्याने नेऊन टाकली पेठला!"

मी एकटाच हसलो.

"कंचं पेठ?" लंकाबाई म्हणाली.

"आपलं नव्हे हो. नाशिकच्या पलीकडचं. गुजरातच्या रस्त्यावरचं."

"आनिक येक पेठ हाय?"

गोकुळ वर्गात बोलावं तसं, आमच्यापैकी कोणाकडे न बघता म्हणाला, "दोन खुणा असल्या तर वेळ बदलते. किती आहेत ते आधी माहीत नसेल, तर कधी थांबायचं तेच कळत नाही." आणि मग त्याने कपाळावर हात मारून घेतला. नाशिककडचं पेठ त्याने नकाशात हजारदा पाहिलं असणार. पण बाप गेला ते पेठ कुठलं, हे घरात त्याच्या जन्माइतकंच पक्कं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा होता दुसऱ्याच गावाला, आणि आम्ही सगळे इतकी वर्षं आपापली काख चाचपत होतो.

भिमाजीला कळलं तेव्हा तो आधी चिडला. "मी तवा हाटेल हाटेल फिरलो की, वयनी!" मग म्हणाला, "जाऊन या. आमुशेला आजून येळ हाय."

मीही गेलो. जानकूचं तोंड माहीत असलेला मी एक, हे कारण सांगायला बरं होतं. खरं कारण जोहराबी. "जाओ जी," ती म्हणाली, "नहीं गए तो घर में बैठके मेरा सर खाओगे."

नारायणगावाहून नाशिकची गाडी, नाशिकहून पेठची. लंकाबाईने नाचणीच्या भाकऱ्या आणि जवसाची चटणी बांधून घेतली होती. आम्ही तिघे होतो आणि शिदोरी चौघांची होती. गोकुळ खिडकीशी बसून सारखा सांगत होता, की आई, जास्त आशा धरू नकोस, हे त्या रीतीने काढलेलं उत्तर नाही, नुसता एक तर्क आहे. ती मान हलवत होती आणि बाहेरचे फाटे बघत होती. रस्त्याला रस्ता मिळाला की तिचे डोळे चमकायचे.

पेठला उतरलो तेव्हा दुपार होती. गोकुळचं म्हणणं, आधी गावात चौकशी करू. ती ऐकेना. "तूच म्हनला न्हवं, जिथं वाटा मिळत्यात तिथं." आणि स्टँडबाहेर जिथे गुजरातकडे, नाशिककडे आणि आतल्या पाड्यांकडे जाणारे रस्ते एकत्र येतात, तिकडे ती चालू लागली. गोकुळ माझ्याकडे बघून हताश हसला आणि पाण्याची बाटली घ्यायला मागे राहिला.

फाट्यावर चहा-भज्यांची एक टपरी होती. एक बाई कढईपाशी बसलेली. म्हातारपणाकडे झुकलेला एक माणूस पाण्याचं पिंप सरकवत होता. पिंप उचलायच्या आधी त्याने डावा गुडघा जमिनीला टेकला. जानकू माझ्या दुकानात पोतं उचलायचा तेव्हा अगदी असाच टेकायचा, आणि मी त्याला हसायचो, की पोत्याला नमस्कार करतोस का रे. मी पाऊल उचललं, तर लंकाबाई माझ्या पुढे जाऊन उभी होती.

टपरीमागून शाळेच्या कपड्यातली, लाल रिबिनी बांधलेली एक पोरगी आली. "बाबा, पेन दे ना," ती त्या माणसाला म्हणाली. त्याने वर पाहिलं. पोरीकडे नाही, लंकाबाईकडे.

मग लंकाबाई म्हणाली, "पावणं, जुन्नरची गाडी हितनंच मिळंल का?"

त्याच्या हातातला फडका ओला होता, तो नुसता पिळत राहिला. "न्हाई. नाशकाला जावं लागंल," तो म्हणाला. "तिथनं मिळंल."

"बरं."

तेवढ्यात गोकुळ आला. त्याने त्या माणसाकडे पाहिलं, रस्त्यावरच्या कोणाकडेही बघावं तसं, आणि हळूच विचारलं, "आई? हा का?"

तिने त्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत पुन्हा एकदा पाहिलं. घाई केली नाही.

"ह्यो न्हाई," ती म्हणाली.

"नक्की?"

"म्यां नवऱ्याला वळखत न्हाई व्हय? ह्यो न्हाई. चल."

मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते मिटलं.

नाशिकच्या स्टँडवर तिने सगळी शिदोरी एका भिकारणीला देऊन टाकली. परतीच्या गाडीत माझ्या डोक्याचा भुगा झाला होता. तो जानकूच होता. नाही, ओझं उचलणारे सगळेच गुडघा टेकतात. आवाज त्याचाच होता. पण इतक्या वर्षांनी आवाज लक्षात राहतो का? लंकाबाईला तिथे गेल्यावर काही कळेनासंच झालं असेल. का सगळं कळलं असेल? नारायणगावपर्यंत मी दहा वेळा हो म्हणालो आणि दहा वेळा नाही. गोकुळ पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणाला, "काका, बरं झालं. म्हणजे वाईटच झालं. मला काय वाटतंय तेच कळत नाही." लंकाबाई डोळे मिटून बसली होती. तिने न उघडताच सांगितलं, "भिमाजीला म्हनावं, गवत कापून ठेव."

अमावास्येला मी वाडीत गेलो. ओढ्याकाठी भिमाजीने गवताचा माणूस बांधला, त्याला धोतर नेसवलं, डोक्याला टोपी घातली. बांधताना तोच सगळ्यात जास्त रडला. गोकुळने डोकं भादरलेलं होतं. त्याने अग्नी दिला. ओलसर गवत, आधी नुसता धूर झाला, मग एकदम पेटलं. मी उतारावर जरा बाजूला उभा होतो. माझ्या तोंडाशी पुन्हा पुन्हा येत होतं, की अरे थांबा, तो तिकडे भजी तळतोय! आणि पुन्हा पुन्हा वाटत होतं, की नसला तर? एखाद्या परक्या माणसाच्या घरात मी आग लावून बसेन.

शेजारची गोजरबाई लंकाबाईचं कुंकू पुसायला पुढे झाली, पण कपाळापर्यंत नेलेला हात तिने मागे घेतला. लंकाबाईने स्वतःच पदर ओला करून कपाळ पुसलं. बांगड्या दगडावर तिनेच फोडल्या. मला तिचा इतका राग आला, आणि त्या माणसाचा, आणि माझा, की डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना वाटलं धुराने.

माणसं पांगली. गोकुळ ओढ्यात अंघोळीला उतरला. लंकाबाई माझ्यासाठी तांब्या घेऊन वर आली. पाणी पिऊन होईपर्यंत थांबली.

"तुमी वळखलं व्हतं न्हवं, भाऊ?"

मी मान डोलावली.

"मी बी. पिंपाशी वाकला तवाच." तिने रिकामा तांब्या हातात घेतला. "पोरगी ल्हान हाय वो त्या बाईची. साळंत जाती."

खाली ओढ्यात तिचा पोरगा उघड्या डोक्यावर पाणी ओतून घेत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही, तो अभिमान होता.

"पोराची रीत खरी निघाली, भाऊ," ती म्हणाली. "त्यो म्हनला तसाच घावला, लई वाटा मिळत्यात तिथं. एवढं शिकलं माजं पोरगं. पन त्याला कवा सांगायचं न्हाई."